मृगाच्या सरीनंतर झाड घ्यायला निघालात, तर आधी अंगण मोजा

मृगाचा बरा पाऊस झाला की नाशिकच्या रोपवाटिकांत गर्दी होते आणि फुललेले रोप पाहून व्यवहार उरकतो. पिशवीत सगळीच झाडे लहान दिसतात. तामण, बहावा, सप्तपर्णी ही शेताच्या वाटेवर किंवा बांधावर शोभणारी झाडे. भिंतीपासून चार फुटांवर लावली, तर काही वर्षांत फांद्या शेजाऱ्याच्या गच्चीवर जातात. फायकस बेंजामिना घराजवळ जमिनीत लावू नका, त्याची मुळे फरशी उचलतात. कुंडीत मात्र ते गुणी आहे. कोनोकार्पस हे झपाट्याने वाढणारे परदेशी झाड फुकट मिळाले तरी नको. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती उगाच नाही.

दहा-पंधरा फुटांत मावणारे झाड हवे असेल तर माझी पहिली पसंती पांढऱ्या कांचनला. पाणी कमी लागते, छाटणी सोसते, आणि फूल कमरेइतक्या उंचीवरच येऊ लागते. तामणाच्याच जातकुळीतली छोटी लॅजरस्ट्रोमिया इंडिकाही चांगली. ती नव्या फुटीवर फुलते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षवेलीसारखीच निर्धास्त छाटा. पारिजातक पाणी साचणार नाही अशा जागी लावा. चाफ्याची (सोनचाफा नव्हे, प्लुमेरिया) पाने पावसाळ्यात मागून नारिंगी भुकटीने भरली तर तो तांबेरा हा बुरशीचा रोग आहे. गळलेली पाने गोळा करून बागेबाहेर टाका. कुंती सुंदर खरी, पण लिंबूवर्गातली. जवळ मोसंबी किंवा लिंबाची बाग असेल तर ती लावू नका, सिट्रस सिला ही कीड तिच्यावर आनंदाने वाढते.

सोनचाफा आणि अनंत यांची तक्रार दरवर्षी तीच: पान पिवळे, शिरा हिरव्या. द्राक्षवाल्यांना हे ओळखीचे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, त्यातून बोअरचे पाणी जड. त्यामुळे जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. शंका असेल तर कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना भरपूर आहे. अशा मातीत नुसते फेरस सल्फेट टाकणे म्हणजे पैसे वाया. ते लवकरच निकामी होते. जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए रूपातले चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीतही मुळांना मिळेल असे बांधलेले लोह, घ्या. खरे सांगायचे तर अशा जागी सोनचाफ्याचा हट्ट सोडून कांचन किंवा चाफा लावलेला बरा.

खड्डा दोन फुटांचा, माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत. बुंधा पिशवीत होता तेवढाच मातीत, खोल नको. काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी तुंबते, तिथे वरंबा करून लावा.

आता बोन्साय. ऑनलाइन दिसणारा जपानी मेपल इथे घेऊ नका. त्याला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. निफाडला पहाटे कडाका असला तरी दुपारी ऊन असतेच, आणि मे महिन्याच्या कोरड्या झळांत त्याची पाने करपतात. त्यापेक्षा नांदरूक घ्या, रोपवाटिकेत ते फायकस रेटुसा नावाने मिळते. त्याचे पान मुळातच लहान. वड-पिंपळाचे पान मोठे, त्यामुळे छोट्या ताटात प्रमाण साधत नाही. पिंपळ घरात ठेवायला अनेकांचे मन धजत नाही, तो प्रश्न वेगळा. चिंचही उत्तम, पण बियांपासून वेळ लागतो. जाड बुंध्याचे रोप मिळाले तर सोडू नका.

सटाणा, देवळा, मालेगाव पट्ट्यात जुन्या डाळिंब बागा काढल्या जातात आणि वळणदार खोडे सरपणाला जातात. बोन्सायसाठी ती सोन्याची. बाग ताणावर (पाणी तोडलेली), पानगळ झालेली असताना, फूट निघण्याआधी, शेतकऱ्याला विचारून खोड मुळांसह काढा. पण मर रोगाने, म्हणजे झाडे बुरशीने सुकून गेल्यामुळे, काढलेल्या बागेतले खोड कधीही घेऊ नका. फांदी आडवी कापून पाहा. आत तपकिरी-करडे डाग दिसले तर ते खोड तिथेच राहू द्या, नाहीतर बुरशी घरी येईल.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका. ती भिजली की चिकट, वाळली की भेगाळते आणि मुळे तोडते. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले खत घ्या, बारीक धूळ चाळून टाकून द्या. नांदरूक आणि चिंच यांची कुंडी जून-जुलैत बदला. मुळे एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका, आणि त्याच प्रमाणात पानेही कमी करा. बोगनवेलीची मुळे नाजूक, तिचा गोळा फोडू नका. अडेनियम पावसात उघड्यावर ठेवू नका, बुंधा आतून सडतो.

पावसाळ्यात फायकस झपाट्याने फुगतो. फांद्यांना वळण देण्यासाठी आता बांधलेली अॅल्युमिनियमची तार दर पंधरा दिवसांनी पाहा. सालीत रुतू लागली की उलगडत बसू नका, छोट्या कटरने तुकडे करून काढा. त्र्यंबक-इगतपुरीकडे कुंड्या किंचित कलत्या ठेवा, म्हणजे जास्तीचे पाणी एका कडेने निघून जाईल. निफाड-सिन्नरकडे पावसात खंड पडतो, तेव्हा उथळ ताटे दोन दिवसांतही सुकतात. ढग दिसले म्हणून पाणी चुकवू नका.