गिऱ्हाइकाचा ‘ईएसजी’ फॉर्म भरताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपना हल्ली पुण्या-मुंबईच्या बड्या गिऱ्हाइकांकडून ‘ईएसजी’चा, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभाराच्या माहितीचा, एक लांबलचक एक्सेल येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘चार दिवसांत भरून पाठवा’. शेअर बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बाजाराची नियामक संस्था सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) नमुन्यात अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी त्या पुरवठादारांच्या मागे लागल्या आहेत. तुमच्या छोट्या कारखान्यावर सेबीचं थेट बंधन नाही, पण ऑर्डर हवी तर फॉर्म भरणं आलंच. आणि तो बहुतेक वेळा हिशेब चुकल्यामुळे परत येत नाही, बरोबर आकडा चुकीच्या रकान्यात गेल्यामुळे येतो.

सगळ्यात जास्त घोळ कोडचा. ‘एनआयसी कोड’ विचारला की अकाउंटंट जीएसटी बिलावरचा एचएसएन टाकून मोकळा होतो. एचएसएन माल कोणता ते सांगतो, एनआयसी धंदा कोणता ते. ओतीव लोखंडी वस्तूंचा एचएसएन ७३२५, तर त्या ओतणाऱ्या फाउंड्रीचा एनआयसी गट २४३१. अ‍ॅल्युमिनियम ओतत असाल तर २४३२. हा कोड उद्यम प्रमाणपत्रावर (लघुउद्योगाच्या नोंदणीच्या कागदावर) सापडतो, पण तिथला कोडही एकदा तपासा. नोंदणीच्या वेळी घाईत कुणी भलताच धंदा निवडलेला असू शकतो. दुरुस्ती ऑनलाइन होते.

माल युरोपला जात असेल तर नेमकं उलट. तिकडचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, मालाच्या कोडवर चालतो, एनआयसीला तिथे कुणी विचारत नाही. २०२३ च्या मूळ यादीत पाइप फिटिंगचा ७३०७ आहे, लोखंडाच्या ‘इतर वस्तूं’चा ७३२६ आहे, ओतीव वस्तूंचा ७३२५ मात्र नाही. शेवटचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की माल करात येतो किंवा बाहेर राहतो. म्हणून कोड सोयीने नव्हे, कस्टमच्या कागदाशी ताडून लिहा. यादी वाढवायचं घाटतंय, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नका.

मग स्कोप १, २, ३. ही उत्सर्जनाची विभागणी जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉलची आणि तिचा प्रश्न एकच: धूर कुणाच्या ताब्यातला? क्युपोलातला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीतला, कोक तुमच्या आवारात जळतो, तो स्कोप १. वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची, वीज स्कोप २. लाईट गेल्यावर चालणारा जनरेटर? इथे दहातले नऊजण चुकतात, ‘वीजच की ती’ म्हणून स्कोप २ मध्ये टाकतात. डिझेल तुम्ही जाळता, म्हणून तो स्कोप १. एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. शेजारच्या शेडमध्ये जॉबवर्कला दिलेल्या मशीनिंगची वीज, भाड्याचा ट्रक, विकत घेतलेलं पिग आयर्न, हे सगळं स्कोप ३. चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांचा प्रश्न निराळा. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळल्याचा कार्बन डायऑक्साइड तिन्ही स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवायचा, पण त्याच धुरातले मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच. ‘बगॅस म्हणजे शून्य’ लिहिलं की फॉर्म परत आलाच समजा.

विजेबाबत आणखी दोन खड्डे आहेत. एचटी (उच्च दाबाच्या) बिलात डिमांडचा केव्हीए आकडाही असतो, तो युनिट म्हणून उचलू नका. आणि बीआरएसआर ऊर्जा युनिटमध्ये नव्हे, जूलमध्ये मागतो. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल, हजार युनिट म्हणजे ३.६ गिगाजूल. एक कारखाना निपाणीत आणि दुसरा कागलला असेल तर दोन राज्यांचे दोन उत्सर्जन गुणक शोधत बसायची गरज नाही. दक्षिणेचा ग्रिड २०१३ च्या अखेरीस बाकी देशाशी जोडला गेला. केंद्रीय विद्युत प्राधिकरण आता साऱ्या देशासाठी एकच गुणक देतं, तो युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. जुन्या एक्सेलमध्ये ‘सदर्न’ असा वेगळा रकाना दिसला तर तो तक्ता कालबाह्य समजा.

‘आमच्याकडे आयएसओ १४००१ आहे’ हे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नाही. ते पर्यावरण सांभाळायच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्यातून उत्सर्जनाचा एक आकडाही मिळत नाही. जीआरआय म्हणजे काय सांगायचं याची मानकं, जीएचजी प्रोटोकॉल म्हणजे कसं मोजायचं याची रीत, आणि रेटिंग म्हणजे कुणीतरी दिलेले मार्क. प्रदूषण मंडळाची ‘ग्रीन’ कॅटेगरी तर चौथीच गोष्ट. ती उद्योग किती प्रदूषण करू शकतो यावरून ठरते. तिच्या जोरावर ‘आम्ही ग्रीन कंपनी’ असं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं!

कचऱ्याचे रकाने मंडळाच्या संमतिपत्राशी जुळवून भरा. वापरलेलं हायड्रॉलिक तेल धोकादायक कचऱ्यात जातं, भंगारात नाही. कामगारांचा आकडा नुसत्या पीएफच्या यादीवरून घेऊ नका, फेटलिंगची (ओतीव माल घासून साफ करणारी) गँग ठेकेदाराची असली तरी कायम नसलेल्यांच्या रकान्यात तिची गणती होते. वर्षही बघून घ्या: बीआरएसआर एप्रिल ते मार्च, युरोपचं गिऱ्हाईक बहुधा जानेवारी ते डिसेंबर मागतं.

राहिलं पाणी. बोअरला मीटर नाही म्हणून बरेचजण शून्य लिहितात. शून्य म्हणजे पाणी वापरलंच नाही, आणि हे मोल्डिंगची वाळू भिजवणाऱ्या फाउंड्रीचं कुणी खरं मानणार नाही. पंपाने हजार लिटरची टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, हजारला त्या मिनिटांनी भागा, रोज पंप किती मिनिटं चालतो त्याने गुणा, आणि आकड्याशेजारी ‘अंदाज’ लिहून हिशेबाचा कागद फाइलला लावा.