बँड खाली सरकला का, ते आधी बघा

निपाणीकडं सुगी संपली की धनगर शेतात मेंढरं बसवायला यायचे. त्यामुळं स्क्रेपी या मेंढ्यांच्या रोगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते माझ्यासाठी नुसतं नाव राहिलं नाही. मेंढी कुंपणाला अंग घासत राहते, लोकर झडते, पाय लटपटतात आणि मेंदूत बारीक पोकळ्या पडतात. आपल्याकडच्या कळपांत मी हा रोग पाहिलेला नाही, पण ती मेंढी डोळ्यांपुढून हलेना. बेळगावात एम.एस्सी. करून मी परदेशात प्रिऑनच्या, म्हणजे स्क्रेपीसारखे रोग पसरवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाच्या, प्रयोगशाळेत गेले ती त्या ओढीनंच.

अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रिऑन’ हा शब्द दिला, निरोगी आणि बिघडलेल्या प्रथिनाची साखळी एकच, फरक घडीचा, म्हणजे ती साखळी दुमडते कशी याचा, हे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. तरी माझे चार महिने गेले.

नेहमीच्या अँटीबॉडी दोन्ही घड्या ओळखतात. म्हणून ब्लॉटआधी (ब्लॉट म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं बँड, म्हणजे पट्टे, दाखवणारी चाचणी) मेंदूच्या सॅम्पलला प्रोटिनेज के हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम लावतात. निरोगी प्रथिन पचून जातं, बिघडलेल्याचा गाभा उरतो. माझ्या ब्लॉटवर बँड उरला. मी तो लॅब मीटिंगमध्ये प्रिऑन म्हणून दाखवला, आणि गाइडनी मान डोलावली.

तो प्रिऑन नव्हताच. प्रोटोकॉल सीनिअरच्या सॅम्पलसाठी बसवलेला, माझं सॅम्पल त्याहून घट्ट. एन्झाइम पुरलं नाही आणि निरोगी प्रथिनच न पचता राहिलं. नीट पचलं असतं तर बिघडलेल्या प्रथिनाचा पुढचा, साधारण नव्वदाव्या अमिनो आम्लापर्यंतचा तुकडा गळून जातो. मग तीन बँडांपैकी ३३ ते ३५ किलोडाल्टनचा (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) वरचा बँड २७ ते ३० वर येतो आणि त्याच्याखालचे दोनही खाली घसरतात. माझे बँड जागचे हललेच नव्हते. शेजारी एन्झाइम न लावलेलं तेच सॅम्पल चालवलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बँड उरला का, हा प्रश्नच अपुरा आहे. उरला आणि सरकला का? संसर्ग नसलेल्या मेंदूची लेन (ब्लॉटवरची त्या सॅम्पलची रांग), तेच एन्झाइम आणि तेवढाच वेळ देऊन, साफ कोरी आली का? ती कोरी नसेल तर बाकीचा ब्लॉट वाचूच नका.

सीनिअरच्या प्रोटोकॉलची फोटोकॉपी म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं चप्पल, असं माझं ठाम मत झालंय. आणि गाइड निवडताना पेपर मोजू नका. कंट्रोलची, म्हणजे तुलनेची, लेन मागणारा माणूस शोधा.

आता सुरक्षेचं, आणि इथं मी गोड बोलणार नाही. फ्रान्समध्ये २०१० साली एका तरुण प्रयोगशाळा कर्मचारी महिलेच्या अंगठ्याला संसर्गित उंदराच्या मेंदूचं काम करताना टोचलं. २०१९ मध्ये ती व्हेरिअंट सीजेडी या माणसांतल्या प्रिऑन रोगानं गेली. लक्षणं दिसायला सात वर्षं लागली होती. फॉर्मॅलिननं प्रिऑन मरत नाही, १२१ अंशांच्या नेहमीच्या ऑटोक्लेव्हवर भरवसा ठेवता येत नाही. प्रिऑन निकामी करायला एक नॉर्मल तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड, पूर्ण एक तास. घाई असेल त्या दिवशी सुरीला हात लावू नका.

घाबरून मात्र मागं फिरू नका. जीवाणूंत बनवलेल्या शुद्ध प्रथिनावर घडीचं काम करता येतं, त्यात संसर्गित मेंदू लागत नाही. शास्त्रज्ञ जयंत उदगावकर यांच्या गटानं बेंगळुरू आणि पुण्यात उंदराच्या प्रिऑन प्रथिनाची घडी कशी चुकते यावर असंच काम केलंय. सुरुवातीला हाच रस्ता धरा. मेंदूत पेशी नेमक्या कशानं मरतात हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. १९९३ मध्ये एवढं दिसलं की ज्या उंदरांत हे प्रथिनच नाही, ते प्रिऑन टोचूनही आजारी पडत नाहीत.

मराठी शाळेतून आलात म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसू नका. मी तो बँड दाखवला त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, “बिनएन्झाइमची लेन कुठाय?” तिला उत्तर द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं.