नारळाचा शेंडा वाचवायचाय तर आधी खड्डा उपसा

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून बाकी सगळं सोडून एकच सांगतो, शेणखताचा किंवा सोसायटीच्या कंपोस्टचा खड्डा याच आठवड्यात उपसा. नेरूळ-बेलापूरपासून घोडबंदरपर्यंत जे नारळ गेलेले मी बघितलेत त्यातले बहुतेक याच हलगर्जीपणामुळे गेले, माणसं शेंड्याकडे बघत राहतात आणि शेंडा पोखरणारा भुंगा खाली खड्ड्यात वाढत असतो.

भुंगे दोन आहेत आणि त्यांची घरं वेगळी. गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग. त्याची पांढरी, विळ्यासारखी वाकलेली अळी शेणात नाहीतर कुजक्या खोडात वाढते, जिवंत झाडात नाही. मोठा झाला की रात्री उडून कोवळ्या शेंड्यात घुसतो, म्हणून झावळी उमलते ती कात्रीने तिरकी कापल्यासारखी. सोंड्या भुंगा तांबूस, त्याचा सगळा संसार जिवंत खोडाच्या आत, अळीला पाय नाहीत तरी गाभा पोखरते. भोकातून तपकिरी चिकट रस आणि चघळलेला भुसा दिसला, खोडाला कान लावून कुरकुर ऐकू आली तर तो आत आहे, आणि शेंडा कलला की झाड सहसा हातचं जातं.

गेंड्या भुंग्याने पाडलेल्या जखमेत सोंड्याची मादी अंडी घालते. म्हणून परत सांगतो, खड्डा उपसा. खत उलटंपालटं करा, अळ्या वेचून मारा, कोंबड्या असतील तर सोडा, मग ओलसर खतात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळा. दुकानदार महागडं टॉनिक गळ्यात मारेल, पोखरलेला गाभा टॉनिकने भरत नाही.

शेंड्यासाठी: वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात मिळून 10 ग्रॅम डांबरगोळ्या, वर वाळू, दर 45 दिवसांनी. किंवा 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत. भोकात भुंगा असेल तर तारेच्या आकड्याने ओढून काढा.

बाकीची कामं, म्हणजे बुंध्याभोवती आळं करणं, खताचा हप्ता, पाण्याचा निचरा, खड्डा उपसल्यावर.

पावसाआधी सोसायट्या हिरव्या झावळ्या खोडालगत छाटतात ते थांबवा, त्या ताज्या जखमाही सोंड्याला चालतात, छाटायचीच तर 4 फूट देठ ठेवा. आणि माझा अंदाज सांगतो, पहिल्या पावसात गॅलरीच्या दिव्याखाली शिंगवाला भुंगा पडला तर जवळपास कुठेतरी न उपसलेला खड्डा आहे, शेजारच्या तबेल्यात, गावठाणातल्या उकिरड्यावर सकाळीच जाऊन बघा. मेलेला नारळ उभा ठेवू नका, पाडा, खोड फाडा आणि आतल्या अळ्या, कोष तिथेच मारा.