लसूण घातला अन् पक्ष्यांनी तोंडच फिरवलं

वसमतजवळ आमचं १,००० कोंबड्यांचं पोल्ट्री शेड आहे. श्रावणातल्या बॅचला १८ व्या दिवशी पातळ विष्ठा सुरू झाली. लिटर, म्हणजे पक्ष्यांखालचं अंथरूण, एवढं ओलं, की मुठीत दाबलं तर गोळाच व्हायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून ओला लसूण वाटून थेट खाद्यात कालवला. चूक तिथंच झाली. पक्षी वासानं मागं सरले, अन् दुसऱ्या दिवशी उरलेल्या खाद्याला बुरशी.

मग डॉक्टरांकडून विष्ठा तपासून घेतली. कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवीमुळं होणारा रोग) नव्हता, असता तर हळद-लसणावर भागलं नसतं.

पुढच्या बॅचला लसूण ठेचून (ठेचल्यावरच त्यातलं अ‍ॅलिसिन हे औषधी द्रव्य तयार होतं) सावलीत कडक वाळवला अन् दळला. ५० किलोच्या पोत्याला २५० ग्रॅम हळद, तेवढीच लसूण पूड. आधी दोन किलो खाद्यात हातानं चोळायची, मग ते सगळ्या पोत्यात मिसळायचं. नाहीतर एका पक्ष्याला सगळा मसाला, दुसऱ्याला नुसता मका.

यंदा विष्ठा घट्ट राहिली, खाद्यही मन लावून खाल्लं. पण ड्रिंकरही (पाण्याची भांडी) पक्ष्यांच्या पाठीएवढे उचलले होते, त्यामुळं लिटर कशानं सुकलं हे छातीठोक सांगत नाही. बायको म्हणते, शेडमधून फोडणीचा वास येतो.