जँगोमधील भाषा पुन्हा इंग्रजीवर जाण्याची अडचण: माझा अनुभव

जँगो (पायथॉनमध्ये संकेतस्थळे बनवण्याची चौकट) वापरताना सेटिंग्जमध्ये लँग्वेज-कोड (संकेतस्थळाची मूळ भाषा सांगणारी नोंद) मराठीचा ठेवूनही संकेतस्थळ प्रथम इंग्रजीतच उघडत असे, आणि भाषा बदलली तरी पुढच्या पानावर ती पुन्हा इंग्रजी होई. ब्राउझरची साठवण पुसणे, भाषांतराच्या फाइली नव्याने कंपाइल करणे यांत दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

मूळ कारणे दोन होती. जुना कोड निवडलेली भाषा सेशनमध्ये (सर्व्हरवर ठेवलेल्या वाचकाच्या माहितीत) लिहीत होता, पण जँगोच्या नव्या आवृत्त्यांत भाषा सेशनमधून वाचलीच जात नाही, ती कुकीतून (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीतून) घेतली जाते. शिवाय कुकी नसेल तर ब्राउझरचे ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर (वाचकाच्या पसंतीच्या भाषा सांगणारी, विनंतीसोबत येणारी ओळ) आधी पाहिले जाते. लँग्वेज-कोडचा क्रम अगदी शेवटी लागतो.

प्रथम सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या (प्रत्येक विनंतीवर क्रमाने चालणाऱ्या कोडच्या) यादीत भाषा ठरवणारे लोकेल-मिडलवेअर सेशन-मिडलवेअरच्या खाली आणि कॉमन-मिडलवेअरच्या वर आणले. मग सेशनमध्ये लिहिणारी ओळ काढून भाषेचा फॉर्म जँगोच्या सेट-लँग्वेज व्ह्यूकडे (निवडलेली भाषा कुकीत लिहिणाऱ्या तयार फंक्शनकडे) पोस्ट पद्धतीने, सीएसआरएफ टोकनसह (बनावट विनंत्या रोखणाऱ्या सांकेतिक खुणेसह) पाठवला (साध्या दुव्याने भाषा बदलत नाही). शेवटी ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर विनंतीतून वगळणारे छोटे मिडलवेअर लिहून लोकेल-मिडलवेअरच्या वर ठेवले. वाचकाच्या ब्राउझरची पसंती मानायची असेल, तर मात्र ही शेवटची पायरी करू नये.