कधी चालू होते, कधी होत नाही: जुन्या मोटरसायकलमधील लपंडावी दोष शोधण्याची पद्धत

जी मोटरसायकल अजिबात चालूच होत नाही, तिचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तपासणी कधीही केली तरी दोष जागेवर हजर असतो. अवघड असते ती सकाळी पहिल्या किकला चालू होणारी, दुपारी थोडा वेळ थांबवल्यावर दाद न देणारी आणि मेकॅनिकसमोर उभी केली की मुकाट्याने सुरू होणारी गाडी. अशा गाडीचे प्लग, कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग) आणि सीडीआय युनिट (ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) सहसा एकामागून एक बदलले जातात, आणि त्यांपैकी एखादा भाग बदलल्यावर योगायोगाने चार दिवस बरे गेले की दोष सापडला असे गृहीत धरले जाते. यात पैसे वाया जातात हे तर खरेच. पण त्याहून मोठे नुकसान असे, की सुटे भाग काढता-घालताना कपलर (वायरी जोडणारे प्लग) हलतात, सैल जोड तात्पुरते घट्ट बसतात आणि दोषाचा उरलासुरला मागही पुसला जातो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोष कोणत्या परिस्थितीत येतो हे निश्चित करावे आणि खरी तपासणी दोष हजर असतानाच करावी.

परिस्थितीची नोंद

गाडी चालू झाली नाही, की इंजिन थंड होते की गरम, बंद करून किती वेळ झाला होता, पाऊस किंवा धुणे झाले होते का, टाकीत पेट्रोल किती होते, कॉक कोणत्या स्थितीत होता, चोक ओढला होता का आणि न्यूट्रलचा दिवा लागत होता का, एवढे लिहून ठेवावे. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की बहुधा एक धागा दिसू लागतो. गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी दाद न देणारी आणि पूर्ण थंड झाल्यावर निमूट चालू होणारी गाडी उष्णतेने बिघडणाऱ्या भागाकडे बोट दाखवते: कॉइल किंवा पिकअप कॉइलचे (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणाऱ्या कॉइलचे) वेटोळे, पॉइंट (सीडीआयऐवजी ठिणगीसाठी उघडझाप करणारे यांत्रिक संपर्क) असलेल्या गाडीत त्या संपर्कांवरच्या ठिणग्या रोखणारा कंडेन्सर, कार्बोरेटरमधून गरजेपेक्षा जास्त उतरलेले पेट्रोल, किंवा घट्ट झालेले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातील कमी झालेले अंतर. फक्त थंडीत त्रास देणाऱ्या गाडीत चोकची यंत्रणा, स्लो जेट (कार्बोरेटरमधील कमी वेगाच्या पेट्रोलचे बारीक छिद्र) आणि बॅटरी आधी पाहावी. दमट हवेत किंवा धुतल्यानंतरच येणारा दोष प्लगकॅप, हाय टेन्शन वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर) आणि उघडे पडलेले कपलर यांच्यात असण्याची शक्यता मोठी असते. काही अंतर चालून बंद पडणारी आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होणारी गाडी असेल, तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र विसरू नये.

दोष हजर असतानाची पहिली पाच मिनिटे

गाडीसोबत प्लगचा पाना, एक खात्रीचा चांगला प्लग, साधा मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि पारदर्शक लहान बाटली ठेवावी. गाडी अडून बसली, की बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत राहणे किंवा दमेपर्यंत किक मारणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. त्याने मूळ दोषावर ओला प्लग आणि उतरलेली बॅटरी असे दोन नवे थर चढतात. त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. सेल्फने इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते का, किंवा किकला नेहमीइतका विरोध जाणवतो का? प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला आहे की कोरडा? आणि ठिणगी पडते का?

ठिणगी पाहण्यापूर्वी पेट्रोल कॉक बंद करावा, प्लगच्या छिद्रावर फडके दाबून ठेवावे आणि पेट्रोलचा वास जोरात येत असेल तर तो ओसरेपर्यंत थांबावे, कारण छिद्रातून उडणाऱ्या वाफेला त्याच ठिणगीने आग लागू शकते. प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला, छिद्रापासून दूर, घट्ट टेकलेली असावी. सीडीआय असलेल्या गाडीत प्लगकॅप मोकळी सोडून इंजिन कधीही फिरवू नये. उच्च दाबाच्या विजेला वाट मिळाली नाही की ती कॉइलचे किंवा युनिटचे इन्सुलेशन फोडून वाट काढते. निळसर पांढरी, कडक आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक आणि मध्येच गळणारी ठिणगी संशयास्पद. तरीही उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन निर्दोष ठरत नाही. सिलिंडरमधील दाबाखाली तेवढेच अंतर ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे साधारण ६ मिलिमीटर अंतराचा स्पार्क टेस्टर वापरलेला बरा. हे स्वस्त साधन नुसत्या प्लगपेक्षा अधिक खरे सांगते.

सेल्फ, बॅटरी आणि जोड

बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगनंतर काही तास स्थिर राहिल्यावर सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास ती जवळपास रिकामी असते. खरा निकाल मात्र सेल्फ मारतानाच मिळतो. त्या वेळी टर्मिनलवरील व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ मोटर प्रमाणाबाहेर करंट ओढत आहे. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना हाच आकडा साधारण १३.५ ते १४.५ दरम्यान असावा. तसे नसेल तर रेग्युलेटर आणि अल्टरनेटरचे कपलर तपासावे, कारण चार्जिंग नीट होत नसेल तर नवी बॅटरीही काही आठवड्यांत त्याच अवस्थेला येते.

ओहममध्ये मोजून केबल चांगली ठरवण्याची सवय सोडावी. आतील बहुतेक तारा तुटून एकच तार उरली तरी मल्टीमीटर जवळपास शून्य दाखवतो. सेल्फचा मोठा करंट मात्र त्या एका तारेतून जाऊ शकत नाही. त्यासाठी मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावावे आणि सेल्फ मारावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थच्या वायरचा जोड काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवावा. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून सेल्फ मोटरपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. बटण दाबल्यावर रिले (सेल्फला मोठा करंट जोडून देणारा स्विच) नुसता ‘टक’ करत असेल, तर त्याच्या दोन जाड टर्मिनलमध्ये हीच मोजणी करावी. तिथे सेल्फ मारताना जवळपास सगळे व्होल्टेज दिसले तर आतले संपर्क जळालेले आहेत.

रिले आवाजही करत नसेल, तर क्लच, न्यूट्रल आणि साईड स्टँड यांचे स्विच संशयाच्या घेऱ्यात येतात. कोणता स्विच सेल्फ अडवतो आणि कोणता ठिणगी तोडतो, हे मॉडेलगणिक बदलते. त्यामुळे वायरिंगचा नकाशा समोर असावा. तपासणीपुरता स्विच वगळून पाहण्यास हरकत नाही, पण साईड स्टँडचा स्विच कायमचा जोडून टाकण्याचा जो सर्रास प्रकार चालतो, तो धोकादायक आहे.

जुन्या गाडीत माझा सर्वाधिक संशय स्टीअरिंगच्या मानेजवळच्या वायरिंगवर असतो. हँडल वर्षानुवर्षे डावीकडे-उजवीकडे वळून तिथल्या वायरींतील तांबे आवरणाच्या आतच तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इग्निशन चालू करून कॉइलला येणारे व्होल्टेज मोजावे आणि मोजता मोजता हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे, चावी हलवावी, किल स्विच काही वेळा चालू-बंद करावा आणि प्रत्येक कपलर हलकेच ओढून पाहावा. आकडा उडाला तिथे दोष आहे. पॉइंट असलेल्या गाडीत ही मोजणी पॉइंट मिटलेल्या स्थितीत करावी, नाहीतर करंटच वाहत नाही आणि खराब जोडही चांगला दिसतो. बॅटरी आणि कॉइल यांच्यातील फरक एक-दोन व्होल्ट असेल, तर चावीच्या व किल स्विचच्या संपर्कांवरची काजळी साफ केल्यानेही ठिणगी लक्षणीय सुधारते. सेल्फ फिरत असताना इंजिन पेटत नाही, पण बटण सोडल्याच क्षणी एकदा धडधडते, हे लक्षण बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनला सेल्फच्या वेळी पुरेसे व्होल्टेज मिळत नसल्याचे आहे.

उष्णता आणि ओलावा मुद्दाम देऊन पाहणे

दोष वाट पाहूनही येत नसेल, तर त्याला बोलावावे. कॉइलचा आणि पिकअप कॉइलचा रोध थंड असताना मोजून लिहून ठेवावा, नंतर हेअर ड्रायरने त्यांना हात जेमतेम लावता येईल इतके तापवून पुन्हा मोजावा. तांब्याचा रोध उष्णतेने थोडा वाढतो, ते स्वाभाविक आहे. पण आकडा एकदम अनंताकडे गेला किंवा उड्या मारू लागला, तर आतले वेटोळे तुटलेले आहे. नेमके आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशीच ताडावेत, कारण पॉइंटच्या आणि सीडीआयच्या कॉइलमध्ये प्रायमरीचा (कमी व्होल्टेजच्या वेटोळ्याचा) रोध बराच वेगळा असतो. ओलाव्यासाठी अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगकॅप व हाय टेन्शन वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. गळती असेल तर निळसर ठिणग्या वायरवरून इंजिनकडे धावताना दिसतात. हे मोकळ्या हवेत करावे आणि त्या वेळी वायरला हात लावू नये.

पॉइंट असलेल्या गाडीत अंतर बहुधा ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. कॅमवर घासणारी टाच झिजली की हे अंतर कमी होते, टायमिंग मागे सरकते आणि गाडी हळूहळू आळशी होत जाते. पॉइंटवर मोठ्या, प्रखर ठिणग्या दिसत असतील तर कंडेन्सर बदलावा.

पेट्रोलची बाजू

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा असेल, तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल बाटलीत घ्यावे. वाटी रिकामी निघाली किंवा सुरुवातीला धार येऊन नंतर थेंबांवर आली, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे; झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि धार वाढली, तर छिद्र बुजलेले आहे. तसे नसेल तर कॉकची जाळी, आणि व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असल्यास त्याचा पडदा, हे पुढचे संशयित. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवावी. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत हे वारंवार आढळते.

प्लग ओला असेल तर चोक न ओढता, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारावी. गाडी काळा धूर सोडत सुरू झाली, तर पेट्रोल जास्त उतरत होते: फ्लोट नीडलच्या (वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकाला पडलेली खाच, चुकीची फ्लोट पातळी किंवा चोकच्या प्लंजरचे कडक झालेले रबर. याउलट गरम इंजिनलाही चोक लागत असेल, तर मिश्रणात हवा जास्त आहे. स्लो जेटचे बारीक छिद्र तारेने न टोचता कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करावे आणि इंजिन व कार्बोरेटर यांच्यामधील रबरी जोडाला भेग आहे का ते वाकवून पाहावे.

कॉम्प्रेशन

वरचे सारे निर्दोष निघाले तर टॅपेट मोजावेत. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत जातात तसे अंतर कमी होते. इंजिन तापले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गरम असतानाच किक हलकी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने मोजावे. अनेक लहान इंजिनांत हे अंतर ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून खूश होऊ नये. थोडा आवाज करणारा टॅपेट घट्ट टॅपेटपेक्षा बरा.

दुरुस्तीची खात्री

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहिलेल्या त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा तपासावी. गरम असताना अडणारी गाडी थंड असताना चालू करून काहीच सिद्ध होत नाही. बदललेला जुना भाग लगेच टाकून देऊ नये. काही दिवस गाडी नीट चालल्यावर तो मुद्दाम परत बसवून, तीच परिस्थिती निर्माण करून पाहावे. दोष परत आला, तर निदान बरोबर होते. परत आला नाही, तर तो भाग चांगलाच होता, आणि तो काढता-घालताना जो कपलर किंवा अर्थचा जोड हलला, तोच आता उघडून, साफ करून, व्होल्टेजची घट मोजून तपासावा.