सही शेवटी पाहा: व्हिक्टोरियन बालपुस्तकांच्या भेटप्रती पारखताना आणि कोल्हापुरात जपताना

भेटप्रत म्हणजे लेखकाने कुणाला तरी भेट दिलेली प्रत. तिच्यावर त्याने स्वतः लिहून दिलेल्या ओळीचं मोल ती ज्या पानावर आहे त्या पानावर ठरतं. म्हणून प्रत हातात आली की आधी पुस्तक, मग पान, मग शाई, आणि सही सगळ्यात शेवटी.

शीर्षकपानावरचं साल एकटं पुरेसं नसतं. नाताळच्या बाजारासाठी वर्षअखेरीस काढलेल्या पुस्तकावर पुढचं साल छापायची इंग्लंडात रीत होती. लुईस कॅरलचं ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ डिसेंबर १८७१ मध्ये आलं, छापील साल १८७२. तेव्हा त्यावर ‘नाताळ १८७१’ असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, ती जमेची बाजू आहे. पहिल्या छपाईची खूण पान २१ वर: कवितेत ‘वेब’ (wabe) च्या जागी ‘वेड’ (wade) छापलंय. त्याच्याच आधीच्या ‘अ‍ॅलिस’ची १८६५ ची २००० प्रतींची छपाई चित्रकार टेनिएलला पसंत न पडल्याने मागे घेतली गेली. विक्रीला दिसते ती बहुधा १८६६ साल छापलेली.

सुरुवात एवढ्या उंचीवरून करू नये. जॉन मरेने १८६८ मध्ये काढलेलं मेरी फ्रियरचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ आपल्याला जवळचं: मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीने आयाकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी. मुलांसाठी साहसकथा लिहिणारा हेन्टीही चांगला, ब्लॅकी या प्रकाशकाने काढलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्त्यांवर साल असतं, पुढच्या छपाया बहुधा बिनसालाच्या.

पानं आणि चित्रं एकेक मोजा. पुस्तकं मुलांच्या हातची, त्यामुळे मुखचित्र (शीर्षकपानासमोरचं चित्र) कापून नेलेलं असणं नेहमीचंच.

आता लिहिलेलं पान. ते बहुतेकदा पोस्तीन (पुठ्ठ्याला लागून असलेलं कोरं पान) किंवा शीर्षकपानाआधीचं पान असतं, आणि फसवणूकही तिथेच होते. दुसऱ्या पुस्तकातलं पान आणून खळीने चिकटवलेलं असतं. पुस्तक अर्धवट उघडून कण्याकडची खाच, म्हणजे पानं जिथे शिवलेली असतात ती जागा, पाहा. खळीची रेघ दिसली तर थांबा. पुढच्या आणि मागच्या पोस्तिनाचा कागद उजेडासमोर धरून ताडून पाहा. कसरीचं भोक किंवा ओलीचा डाग शेजारच्या पानावर त्याच जागी उमटलेला हवा.

शाईसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. त्या काळची लोहयुक्त शाई आता तपकिरी झालेली असते. शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेली खळ जुन्या कागदात मेलेली असते, म्हणून त्यावर आज लिहिलं तर अक्षराच्या कडा फुटतात. अशा पिंजारलेल्या कडा दिसल्या की संशय घ्याच. लुईस कॅरल साधारण १८७० ते १८९१ जांभळ्या शाईने लिहीत असे. त्याच्या नावावरची १८६७ ची जांभळी ओळ परत करावी. नुसतं ‘लेखकाकडून’ असेल तर ते प्रकाशकाच्या कारकुनाने लिहिलेलं असू शकतं. लेखकाच्या पत्रांतलं अक्षर ताडल्याशिवाय पूर्ण भाव देऊ नका.

लांबून घेताना शीर्षकपान, त्याची मागची बाजू, लिहिलेलं पान तिरक्या उजेडात, कण्याची खाच आणि मागचं पोस्तीन, इतके फोटो मागवा. परत घेण्याची मुदत लेखी घ्या. आणि पार्सल पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर बोलवा.

सुटलेली बांधणी पाहून प्रत बाइंडरकडे देण्याचा मोह होतो. देऊ नका. नवी बांधणी करताना जुनं पोस्तीन काढून टाकतात, त्याबरोबर ती ओळही जाते. वर कडाही कापल्या जातात. फेव्हिकॉल आणि चिकटपट्टी तर नकोच. मऊ सुती फितीने बांधून आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या. आर्द्रतामापक ४५ ते ५५ टक्के दाखवत राहील असं पाहा. आषाढात तो सहज वर जातो. तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक आतल्याच ओलीने बुरशी धरतं. जांभळी शाई उन्हात फिकी पडते, म्हणून ते पान उघडं मांडू नये.

घर पूररेषेजवळ असेल तर पेट्या तळमजल्यावर ठेवू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. पाणी ३९ कडे सरकू लागलं की पेट्या वरच्या मजल्यावर न्यायच्या.